सिस्टरचा माग

आमच्या गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. दूधवाला, शाळेत जाणारी पोरं, इतकंच काय, त्यांचा सख्खा भाऊसुद्धा चिडला की "ऐका हो सिस्टर" असं मुद्दाम लांबवून म्हणायचा. मोठ्या दवाखान्यात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "त्या दिवशी माझी ड्यूटी होती."

निवृत्त झाल्या आणि त्यांची झोप उडाली. पाठ टेकली की वॉर्डातले आवाज कानात सुरू व्हायचे. हात सारखे काहीतरी शोधत असायचे. बसल्या बसल्या पदराची घडी घालायच्या, मोडायच्या, पुन्हा घालायच्या. दवाखान्यात लुळ्या हातांच्या रुग्णांकडून विणकाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी हे बघितलं आणि सिस्टरना एक लहानशी लाकडी चौकट आणून दिली. चौकटीवर उभे सुती धागे ताणून बांधायचे आणि त्यांच्यातून आडवी लोकर ओवत जायची. चित्र नाही, नक्षी नाही. श्वास घेताना लोकर एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून न्यायची. श्वास सोडताना फणीनं ती खाली दाबून बसवायची. एवढंच.

महिन्याभरात त्यांना झोप लागायला लागली, आणि मग ती लहान चौकट पुरेना.

मोठा माग त्यांना दादांनी करून दिला. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं आणि हे दुमजली घर त्यांनी गवंड्यांच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलं होतं. खाली त्यांचं सुट्या भागांचं गोदाम, वर राहायची जागा. वरच्या हॉलमध्ये त्यांनी छताच्या तुळईत दोन जाड बोल्ट सोडले आणि त्यांना एक लोखंडी पाइप टांगला. दुसरा पाइप खाली फरशीत पक्का केला. या दोन पाइपांमध्ये माणसाच्या उंचीपेक्षा लांब धागे ताणायचे. धागे सैल किंवा घट्ट करायचे तर वरचे नट पान्यानं फिरवायचे. "आता याला हत्ती बांध," दादा हात पुसत म्हणाले होते.

मी समोरच्या घरात राहते. पहिल्यांदा तो माग बघितला तेव्हा त्यावर हातभर विणून झालं होतं. राखाडी, मग जरा निळसर राखाडी, मग पुन्हा राखाडी.

"याचं शेवटी होतं काय, सिस्टर?"

"काही होत नाही. झालं की कापायचं आणि दुसरं घ्यायचं."

मला ते उत्तर इतकं आवडलं की मी दुसऱ्याच दिवसापासून शिकायला जायला लागले. पुढे कोपऱ्यावरची शिलाईवाली ताई आली, मग निवृत्त मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, गप्प बसणं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच शिकावं लागत होतं. आठवड्यातून दोन दुपारी आम्ही आपापल्या लहान चौकटी मांडीवर घेऊन सिस्टरच्या मोठ्या मागाभोवती बसायचो. बोलायचं नाही. फणीचा आवाज तेवढा यायचा आणि खालून रस्त्यावरची वर्दळ.

दादांना झटका आला तो त्याच वर्षी. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळे शब्द गेले, एकच उरला. "बास." भूक लागली तरी बास, पोट भरलं तरी बास, कुणी भेटायला आलं की हसून बास, माणूस उठून गेला नाही तर जरा जोरात बास. सिस्टर त्या एका शब्दातला फरक ओळखायला शिकल्या. आपल्याला तो कळतो असं त्यांना वाटायचं.

त्यांनी दादांची खुर्ची मागाशेजारी आणून ठेवली. लोकरीची लड खुर्चीच्या हातात अडकवायची आणि दादांनी डाव्या हातानं तिचा गुंडा करायचा, हा त्यांचा व्यायाम.

"आमच्या बाबांच्या हाताखाली गावातले सगळ्यात जास्त गुंडे आहेत," त्यांचा मुलगा सगळ्यांना सांगायचा आणि दादाही खांदा हलवून हसायचे.

हा मुलगा म्हणजे ढब्बू. लहानपणी गोल गरगरीत होता, तेव्हाचं नाव. आता काठीसारखा वाळलेला, पण नाव सुटलं नाही. आई तो लहान असतानाच गेली आणि सिस्टरनी ड्यूट्या बदलून बदलून त्याला वाढवला. त्याच्या डोक्यात कैक दिवसांपासून एकच होतं. खालच्या गोदामाच्या जागी फरशा आणि बेसिनचं शोरूम. समोर पूर्ण काच. आत शिरलं की माणसाची नजर थेट मागच्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे.

आड येत होती ती मधली भिंत. खालच्या मजल्याचे तिच्यामुळे दोन भाग झाले होते. दादांना ती भिंत फार प्रिय. बोलत होते तेव्हा येताजाता तिच्यावर थाप मारून म्हणायचे, "हिच्यावर माझं घर उभं आहे." म्हाताऱ्या माणसांची बोलायची एक पद्धत असते, तसं ते सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

ढब्बूनं ठेकेदाराला विचारलं नाही असं नाही. विचारलं. ठेकेदार म्हणाला, "भिंत काढली की वर लोखंडी गर्डर टाकू. तुमच्या घरासारखी दोन घरं पेलेल." बोलायला गोड माणूस होता. चहा पिताना दादांच्या पायाशी बसून म्हणाला, "बाबा, तुमचं घर म्हणजे माझं घर." दादा त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बास." ठेकेदाराला वाटलं, होकार मिळाला.

भिंत फोडायचा ब्रेकर सुरू झाला आणि दादा बदलले. पहिल्या दणक्याला त्यांच्या हातातला गुंडा पडला. मग काठी आपटायला लागले. बास, बास, बास. घास भरवायला गेलं की तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी खुर्चीतून स्वतःला खाली लोटून दिलं आणि फरशीवर पालथे पडून डावा तळहात जमिनीवर मारत राहिले. सिस्टरनी आणि मी त्यांना उचललं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आवाज सोसत नाही त्याला," सिस्टर म्हणाल्या. "झटका येऊन गेलेल्यांना असं होतं. मी खूप बघितलेत."

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. जे दिसलं ते नीट सांगितलं. अस्वस्थपणा, रडणं, झोप नाही. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी लिहून दिली. गोळीनं दादा दिवसभर झोपायला लागले. खालची भिंत पाडून होईपर्यंत ते मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपलेलेच असायचे आणि त्यांच्या खुर्चीखालची फरशी थरथरत असायची.

मग एके दिवशी आवाज थांबला. गर्डर बसला, राडारोडा ट्रकमधून गेला, खाली फरशी बसवणारे आले. सिस्टरनी डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली. सगळं सुरळीत झालं असं वाटलं. ढब्बूनं आम्हा सगळ्यांना खाली नेऊन दाखवलं. जागा खरंच मोठी दिसत होती. मधे काही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "वा, अगदी मैदान झालंय." मला मात्र आत उभं राहिल्यावर मान खाली घालावीशी वाटली. का ते सांगता येणार नाही. वरती लांबलचक गर्डर होता आणि त्यावर ताजा लाल रंग होता.

त्यानंतरच्या दिवसांत मागाचे धागे घट्ट व्हायला लागले.

सिस्टरच्या हाताला ते आधी कळलं. लोकर ओवायला बोट आत शिरेना. धागा छेडला तर तो टणकन वाजायचा. पूर्वी तो नुसता हलायचा. त्यांनी पाना घेऊन वरचे नट थोडे सैल केले. दुसऱ्या दिवशी धागे पुन्हा ताठ.

"सुती धागा आहे. दमट हवेत आवळतो," त्या मला म्हणाल्या.

हवा दमट नव्हती. रोज विणायला बसायच्या आधी नट सैल करायचे, हा त्यांचा परिपाठच झाला. विणताना श्वास जुळेना म्हणून त्या स्वतःवर चिडायच्या. पूर्वी तासभर बसल्या की चेहरा मोकळा व्हायचा. आता उठायच्या तेव्हा जबडा आवळलेला असायचा. "माझंच मन थाऱ्यावर नाही," म्हणायच्या. हॉलचं दार चौकटीला घासायला लागलं, तेव्हा ढब्बूनं रंधा मारून घेतला. खिडकीखाली सकाळी पांढरी भुकटी पडलेली असायची. ती सिस्टर झाडून टाकायच्या. खाली काम चालू आहे, धूळ येणारच.

दादा जागे होते आणि बघत होते.

एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं लाल लोकरीचा गुंडा उचलला आणि तुळईकडे बोट केलं. तुळईला पंख्याचा जुना हुक होता. पुन्हा गुंडा, पुन्हा हुक. सिस्टरना वाटलं, काहीतरी टांगायचंय. आजारी माणसाचा हट्ट. त्या स्टुलावर चढल्या. दादांनी खुणेनं लोकरीच्या खालच्या टोकाला नटबोल्टच्या डब्यातला एक जड नट अडकवून मागितला. तो नट फरशीला अगदी टेकेल एवढी लोकर सोडायला लावली, आणि मग मान हलवली. सिस्टरनी वर हुकाला गाठ मारली.

"झालं समाधान?"

"बास," दादा म्हणाले, आणि त्यात समाधान मुळीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी सिस्टरना पुन्हा तेच करायला लावलं. नवी लोकर, नवा नट, तोही फरशीला टेकलेला. मग तिसरा. सिस्टर कुरकुर करत चढायच्या. "दादा, माझे गुडघे काय गॅरेजमध्ये बदलून मिळणार आहेत का?" एकदा मीच चढले. दादा खालून नट धरून बसले होते, जीभ दातांत धरून, बोल्ट बसवताना मेकॅनिक धरतात तशी. नट जमिनीला टेकला की नाही ते वाकून बघत होते. मला वाटलं, चला, माणूस कशात तरी रमला.

असे ते लाल दोरे एकाशेजारी एक लोंबायला लागले. आम्ही त्यांच्या बाजूनं वळसा घालून आत यायचो.

ज्या सकाळी सिस्टरना ते दिसलं, त्या वेळी त्या केर काढत होत्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. केरसुणी दोऱ्यांखालून फिरवताना शेवटचा नट तिला अडला. त्याच्या आधीचा अडला नाही. केरसुणी त्याच्याखालून सुळकन गेली. त्या खाली बसल्या. शेवटचा नट फरशीवर टेकलेला होता. त्याच्या शेजारचा जराशानं वर होता. त्याच्या शेजारचा आणखी वर. आणि सगळ्यात पहिला, ज्याची गाठ त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती, त्याच्याखालून त्यांचं बोट आडवं गेलं.

त्या तशाच बसून राहिल्या. लोकर वजनानं ताणते, लांब होते. वर कशी जाईल?

मान वर केली तर दादा त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी काठीनं फरशीवर हळूच टकटक केलं, आणि काठी खाली खाली नेत गेले. बुडणाऱ्या वस्तूसारखी.

"भिंत," सिस्टर म्हणाल्या. "दादा, तू भिंतीचं सांगत होतास."

दादांनी डोळे मिटले.

"आणि मी तुला गोळ्या दिल्या."

त्या तशाच, हातात केरसुणी घेऊन खाली गेल्या. ढब्बू काचवाल्याशी बोलत होता. आठवड्याभरात शोरूम उघडायचं ठरलं होतं. आत्याचा चेहरा बघून त्यानं काचवाल्याला थांबायला सांगितलं.

"ढब्बू, वरची जमीन खाली बसतेय."

"कोण म्हणतं?"

"तुझे बाबा म्हणतात."

"बाबा?" तो हसला नाही, पण हसू आल्यासारखं तोंड झालं त्याचं. "आत्या, बाबा बास म्हणतात."

तरी तो वर आला. दोरे बघितले. वाकून बोट घालून बघितलं. त्याचा रंग उडाला, हे सिस्टरनी बघितलं. त्यानं ठेकेदाराला फोन लावला आणि माणूस आलाही लगेच. खाली जाऊन गर्डरवर थाप मारली, वर येऊन दोऱ्यांकडे बघितलं, मागाकडे बघितलं, मागाला खालून वरून हात लावला.

"नवं लोखंड थोडं बसतंच," तो म्हणाला. "आणि मावशी, राग मानू नका, पण हे तुमचं यंत्र आधी काढा. वर तुळईला बांधलंय, खाली जमिनीला बांधलंय. एवढे दोर ताणून घराला ओढताय तुम्ही. घर बिचारं काय करणार?"

खोटं बोलणारी माणसं सिस्टरनी खूप बघितली होती. त्यांना तो खोटारडा वाटला नाही. त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं, आणि म्हणूनच त्या डळमळल्या. खरंच आपणच ओढतोय का? आपलंच वेड? ढब्बूचं तोंड एकदम सैल झालं होतं, कुणीतरी ओझं उतरवल्यासारखं.

"आत्या, आजच काढू या का ते?" तो म्हणाला. "मी उद्या इंजिनिअर बोलावतो, शपथ. पण हे आज काढू."

त्या हो म्हणाल्या.

त्या दुपारी आमची बसायची वेळ होती. आम्ही आलो तेव्हा सिस्टर हातात मोठी कात्री घेऊन उभ्या होत्या. विणलेलं अर्ध्याच्या वर आलं होतं, छातीच्या उंचीपर्यंत. "आज कापायचंय," त्या म्हणाल्या. "पूर्ण नाही झालं. असू दे." कारण त्यांनी थोडक्यात सांगितलं. मोठ्या बाईंनी दोऱ्यांकडे बघून खुर्ची जरा मागे घेतली. शिलाईवाली ताई म्हणाली, "माझ्या अंगावर काटा आला बाई." पण कुणीच उठलं नाही. खाली माणसं काम करतायत, रेडिओ लागलाय, रस्त्यावर भाजीची गाडी उभी आहे. अशा वेळी घर पडेल असं वाटत नाही हो. आपण चुळबुळतो आणि बसून राहतो.

सिस्टरनी पहिला धागा कापला. तो इतक्या जोरात उडाला की कात्री त्यांच्या हातात हादरली. दुसरा कापायच्या आधीच तुटला. कुणी हात लावला नव्हता. मग तिकडच्या टोकाचा एक. मग त्याच्या शेजारचा. टण्, आणि थोडं थांबून पुन्हा टण्.

दादांनी सिस्टरचा पदर धरला. डाव्या हातात गच्च पिळून धरला आणि दाराकडे ओढलं. "बास," ते म्हणाले. अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं. "बास."

आणि सिस्टरचा आवाज बदलला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. वॉर्डातला असणार.

"सगळ्यांनी उठा. पिशव्या राहू देत. चपला घालू नका. जिन्यावर एकेक जण, भिंतीच्या बाजूनं. मोठ्या बाई पुढे. तुम्ही दोघी खुर्चीचे पाय धरा, मी पाठ धरते."

जिना घराच्या बाहेरच्या अंगाला होता, म्हणून आम्ही वाचलो. दादांना खुर्चीसकट आम्ही कसं उतरवलं ते आठवत नाही. त्यांचं वजन जाणवलं नाही एवढं आठवतं. रस्त्यापलीकडे माझ्या घराच्या पायरीवर खुर्ची टेकवली आणि सिस्टर परत वळल्या.

ढब्बू काचेच्या चौकटीपाशी टेप घेऊन उभा होता. आत फरशी बसवणारे वाकून काम करत होते, रेडिओ चालू होता. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "ढब्बू, बाहेर ये!"

"आलो आत्या, दोन मिनिटं."

"सगळ्यांना घेऊन बाहेर ये!"

"आत्या, हे माप घेतो आणि आलोच, म्हटलं ना."

सिस्टरनी छाती भरून श्वास घेतला.

"दादा पडला! जिन्यावरून पडला दादा! उचलायला या रे सगळे, रक्त थांबत नाही!"

टेप टाकून ढब्बू धावत बाहेर आला. त्याच्या मागून थापी हातात तशीच घेऊन कामगार आले. तो जिन्याकडे पळाला. जिना रिकामा. वळून बघतो तर समोर पायरीवर दादा खुर्चीत सुखरूप बसलेले.

"आत्या!" तो इतक्या संतापानं ओरडला की त्याचा आवाज फाटला. "खोटं? बाबांच्या नावानं खोटं बोललीस?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "आत कोण राहिलंय?"

त्याच वेळी आतून आवाज आला. तो मोठा नव्हता. ओलं लाकूड पिळल्यावर करकरतं तसा. मग लाल गर्डरचं एक टोक भिंतीतून निसटलं आणि वरचा हॉल, आमच्या खुर्च्या, पिशव्या, माग, सगळं एकदम खाली बसलं. पुढची काचेची चौकट बाहेर फेकली गेली. मग धूळ. रेडिओ धुळीत थोडा वेळ चालूच होता.

आत एक जण राहिला होता. मागच्या मोरीत हात धुवायला गेलेला फरशीवाला. त्याला काढायला संध्याकाळ झाली. ढब्बूनं हातांनी विटा उपसल्या, बोटांची नखं गेली तरी थांबला नाही. सिस्टर ढिगाऱ्याच्या भोकातून आत हात घालून त्या माणसाचं मनगट धरून बसल्या होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. घरी कोण कोण असतं, मुलगी कितवीत आहे, जेवणात काय आवडतं. तो वाचला. गुडघ्याखालचा पाय गेला.

दुसऱ्या दिवशी आलेल्या इंजिनिअरनं सगळं बघून सांगितलं, गर्डर भक्कम होता. त्याची टोकं मात्र जेमतेम अर्ध्या विटेवर टेकवलेली होती. ठेकेदाराचा फोन बंद होता आणि पुढे बराच काळ बंदच राहिला. पण गल्लीत मात्र दुसरीच गोष्ट फिरली. सिस्टरच्या मागानं घर ओढून पाडलं म्हणे. दुकानात, बस थांब्यावर लोक अगदी गंभीरपणे सांगायचे. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या लोकरीत एवढं बळ असतं, तर वॉर्डातली निम्मी माणसं मी घरी धाडली असती."

ते तिघं भाड्याच्या जागेत गेले, तळमजल्यावर. ढब्बू दुसऱ्याच्या दुकानात काम करतो. दर रविवारी तो त्या फरशीवाल्याकडे जातो. काय बोलतात दोघं ते कुणाला ठाऊक नाही. आत्याशी तो काही महिने नीट बोलला नाही. राग खोटं बोलण्याचा नव्हता, हे मला वाटतं त्याला स्वतःलाही उशिरा कळलं. आत्यानं सकाळीच सांगितलं होतं आणि त्यानं ठेकेदाराचं ऐकलं, हे त्याला गिळता येत नव्हतं. सिस्टरनाही त्यांचं त्यांचं होतं. त्या दादांना भरवताना मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "मी गोळ्या दिल्या रे तुला." दादा त्यांच्या हातातला चमचा तोंडाकडे ओढायचे आणि खात राहायचे. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ते झोपेतच गेले.

सिस्टर अजून विणतात, पण मांडीवर मावेल एवढंच. आम्ही आता माझ्या घरी बसतो. मोठ्या बाई आत आल्या की आधी वर छताकडे बघतात, मग बसतात. कुणी त्यांना हसत नाही. फणी ठोकता ठोकता सिस्टरचा हात कधी कधी हवेत थांबतो, आणि मग आम्हा सगळ्यांचेच थांबतात. कुठून तरी आवाज आलेला असतो, किंवा नसतो.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. ढब्बू सुट्टीवर होता. त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत मशीननं खोदायला सुरुवात केली होती, मोठ्या इमारतीच्या पायासाठी. टेबलावरच्या कपांत चहा थरथरत होता. सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या.

"ढब्बू," त्या म्हणाल्या, "त्यांचा इंजिनिअर कोण आहे ते विचारून येतोस?"

त्यानं कप खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, "तुम्ही दोघी तोवर बाहेर उभ्या राहा."